टायर बघून येतो

आमच्या घरात 'लघवी' हा शब्द नव्हता. त्याच्या जागी टायर होता.

आमचे हे लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर होते. गाडीत लेकुरवाळ्या बाया, म्हाताऱ्या, कॉलेजच्या पोरी. भर रस्त्यात गाडी उभी करून आपण कशासाठी उतरतोय हे चारचौघांत कसं सांगायचं? म्हणून स्टिअरिंग सोडताना हे नुसतं म्हणायचे, "टायर बघून येतो," आणि मागच्या चाकाच्या आडोशाला जायचे. तेवढ्या वेळात ह्यांचे कंडक्टर दाराच्या पायरीवर उभे राहून उतारूंना सांगायचे, "दोन मिनिटं मंडळी, टायर बघतायत. घाई करू नका." हे परत जागेवर बसले की कंडक्टर दोरी ओढून दोनदा घंटी द्यायचे. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. दोघांनी जवळजवळ सगळी नोकरी एकाच गाडीवर काढली. कंडक्टर ह्यांना पायलट म्हणतात, हे त्यांना मास्तर म्हणतात आणि मी भाऊजी म्हणते.

नोकरी संपली तरी टायर काही सुटला नाही. जेवता जेवता उठायचे, "टायर बघून येतो." पाहुण्यांपुढून उठायचे, "जरा टायर बघतो हं." पाहुणे बिचारे खिडकीतून खाली आमच्या स्कूटरकडे बघत बसायचे. त्याच्याही आधी, लेक लहान असताना, ती एकदा शाळेत बाईंना म्हणाली, "मला टायर बघायला जायचंय," आणि बाईंनी दुसऱ्या दिवशी मला बोलावून घेतलं. घंटीचंही तेच. दाराची बेल हे कायम दोनदा वाजवतात. दूधवाला, शेजारीण, माझी गिऱ्हाइकं सगळी एकदा वाजवणार. दोनदा वाजली की हे आले.

आता मी काही लाजाळूचं झाड नाही. कपडे अल्टर करून द्यायचं माझं काम. खिडकीपाशी मशीन आहे आणि माणसं पँट घेऊन आली की मी तोंडावर सांगते, "कापड आटलेलं नाही, तुमचं पोट सुटलंय." अख्ख्या गल्लीत फटकळ म्हणून माझं नाव आहे. पण टायरच्या बाबतीत मीही मूग गिळून गप्प. नवऱ्याने घरात आणलेला शब्द मला सोयीचा वाटला, झालं. माझ्याही तोंडून कधी दुसरा शब्द निघाला नाही.

पहिला घोळ ह्यातूनच झाला. एके दिवशी भाऊजी आले, चहा घेतला आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "वहिनी, पायलट म्हणतात टायरजवळ लाल दिसतंय."

मी बॉबिन भरत होते. मला वाटलं स्कूटर. "लाल माती लागली असेल. चांगलं भरपूर पाण्याने धुवायला सांगा," मी म्हटलं.

भाऊजी मान डोलावून गेले आणि निरोप जसाच्या तसा पोचवला. आमच्या ह्यांनी तो आपल्या परीने समजून घेतला आणि तांब्यावर तांबे पाणी प्यायला सुरुवात केली! आठवड्याने भाऊजी परत हजर. "वहिनी, धुवून बघितलं. अजून लालच आहे." ह्या वेळी मात्र त्यांचे कान लाल झालेले मला दिसले आणि माझ्या हातातली कात्री खाली पडली.

"भाऊजी," मी म्हटलं, "हा टायर कुठला?"

"तोच," ते म्हणाले.

ह्या माणसाला रक्त जात होतं आणि त्याने ते बायकोला सोडून मित्राला सांगितलं होतं. त्या दिवशी मी दोघांना जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही इस्पितळात होतो.

डॉक्टरबाई वयाने आमच्या लेकीएवढ्या, पण बोलायला स्पष्ट. तपासण्या झाल्या आणि त्यांनी सांगितलं, लघवीच्या पिशवीत गाठ आहे, दुर्बिणीने आत जाऊन खरवडून काढू. काढली. ती तपासायला गेली आणि उत्तर आलं की कॅन्सर आहे. मी खुर्चीचा हात घट्ट धरला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "वरच्या थरातच आहे, खाली स्नायूत उतरलेला नाही. पिशवी काढायची वेळ आलेली नाही. मात्र तो परत परत डोकं वर काढतो, म्हणून पिशवीत औषध सोडत राहायचं."

औषधही काय, तर क्षयाच्या लशीत असतात तेच जंतू, अशक्त केलेले. हे म्हणाले, "म्हणजे काट्याने काटा." दर आठवड्याला नळीने ते औषध पिशवीत सोडायचं, दोन तास आत धरून ठेवायचं, ह्या कुशीवरून त्या कुशीवर होत राहायचं. धरून ठेवायचं म्हटल्यावर हे खुशीत आले. "एवढंच? अहो डॉक्टर, घाट चढून उतरेपर्यंत धरलेला माणूस आहे मी!" आणि खरंच, शेजारच्या कॉटवरचे लोक कासावीस होऊन घड्याळाकडे बघायचे, तेव्हा हे छताकडे बघत कुठल्याशा जुन्या प्रवासाची गोष्ट सांगत पडलेले असायचे. घरी आल्यावर त्या दिवशी प्रत्येक वेळी ते जंतू मरावेत म्हणून संडासात ब्लीच ओतायचं, ते काम मी केलं. हात सोलवटले, पण केलं.

मग दर काही महिन्यांनी दुर्बीण. पुन्हा एकदा बारीकसं काही दिसलं, तेही खरवडलं. पुढच्या वेळी स्वच्छ. त्याच्या पुढच्या वेळीही स्वच्छ. लेक फोनवर म्हणाली, "आई, आता तरी जरा झोप." मी झोपायला लागलेसुद्धा.

आणि मग ह्यांचा टायर वाढला.

पंधरा मिनिटं झाली की उठायचे. जरा टेकले की पुन्हा. दिवसभर तेच, "टायर बघून येतो, टायर बघून येतो." मी मशीनवरून वरसुद्धा बघत नसे. इस्पितळातून सिस्टरचा विचारपूस करायला फोन आला, "बाबांना लघवी होतेय ना व्यवस्थित?" मी म्हटलं, "व्यवस्थित म्हणजे काय, दिवसभर दुसरा उद्योगच नाही." सिस्टर म्हणाल्या, "त्या औषधाने पिशवी चिडते, होतं तसं थोडे दिवस. पाणी भरपूर पाजा. थांबलं नाही तर घेऊन या." झालं! मी ह्यांच्या मागे तांब्या घेऊन फिरायला लागले. नको म्हणाले तरी पाजलं. ह्यांना जेवण जाईना, तर मला वाटलं पाण्याने पोट भरत असेल. खुर्चीत बसल्या बसल्या डुलकी लागायला लागली, तर म्हटलं वय झालं.

एका दुपारी दाराची बेल वाजली. एकदाच. मला वाटलं गिऱ्हाईक. हातातली शिलाई पुरी करून, दोरा तोडून, सावकाश उठले आणि दार उघडलं, तर हे. भिंतीला टेकून उभे. भाजी आणायला गेले होते, पिशवी रिकामी. मी म्हटलं, "अहो, एकच बेल?"

"हं?" ते म्हणाले. वाजवली किती हेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं.

आत घेतलं, चपला काढायला वाकले आणि माझ्या लक्षात आलं, पाय सुजलेत. चपलेच्या पट्ट्याची खोल खूण पावलावर उमटली होती, बोट दाबलं की खड्डा पडत होता. तोंडाला कसलासा वास येत होता. "लोखंड चघळल्यासारखं लागतंय," ते म्हणाले आणि तिथेच उलटी झाली. मी भाऊजींना फोन लावला आणि फक्त एवढंच म्हटलं, "रिक्षा घेऊन या." ते चपला न घालताच आले.

डॉक्टरबाईंनी ह्यांना पलंगावर आडवं करून बेंबीखाली हात ठेवला. हात ठेवला तो ठेवलाच. मग विचारलं, "लघवीला किती वेळा जाता?"

हे नेहमीप्रमाणे छताकडे बघायला लागले. मीच म्हटलं, "सारखे जातात हो. मोजायची सोय नाही."

"जातात किती ते कळलं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "होते किती?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. भाऊजींनी बघितलं. हे अगदी हळू म्हणाले, "थेंब. थेंबथेंब. कधीकधी तेही नाही."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. इतके दिवस माणूस उठून जात होता, येत होता, मी टायर मोजत होते. "मला का नाही सांगितलं?" मी ओरडलेच.

"सांगत होतो की," ते म्हणाले. "टायर बघून येतो म्हणत होतो. हवा आहे की नाही, ते तू विचारलं नाहीस."

भाऊजी खिडकीबाहेर बघायला लागले. तिथे गाड्या लावायची जागा होती आणि एक माणूस आपली मोटार मागे घेताना दुसऱ्याच्या मोटारीला घासत होता. एरवी भाऊजी वरून ओरडले असते.

सोनोग्राफी झाली. दोन्ही किडन्या सुजलेल्या होत्या. रक्त तपासलं, त्यात क्रिएटिनीन नावाचा एक आकडा असतो, तो भलताच वर गेलेला. डॉक्टरबाईंनी मला बाहेर बाकावर बसवून समजावलं. "पिशवीचं तोंड बंद झालंय. खाली जायला वाट नाही म्हणून लघवी वर तुंबलीय, पार किडन्यांपर्यंत. आता दोन गोष्टी आहेत. हे तोंड कॅन्सर परत वाढल्याने बंद झालंय की आधीच्या खरवडण्याचा व्रण आकसल्याने, हे आत बघितल्याशिवाय कळणार नाही. आणि तुंबलेलं मोकळं केल्यावर किडन्या परत कामाला लागतात की नाही, हे त्या किती दिवस दबून होत्या त्यावर आहे."

"आणि नाही लागल्या तर?"

"तर डायलिसिस. आणि कॅन्सर असला तर पिशवी काढायचं मोठं ऑपरेशन. पण किडन्या अशा असताना तेही अवघड. म्हणून आधी वाट मोकळी करू."

मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? आगीतून निघून फुफाट्यात पडलो, एवढंच मनात आलं. त्या बाकावर बसून मी पहिल्यांदा साफ घाबरले. कॅन्सर म्हटल्यावरही एवढी घाबरले नव्हते, कारण तेव्हा हे हसत होते. आता माझ्याकडे बघूनसुद्धा ह्यांना मी पुरती दिसत नव्हते. हा माणूस गेला तर दोनदा बेल कोण वाजवणार, असलं काहीतरी वेडगळ डोक्यात येत होतं आणि जात नव्हतं.

नळी सहजासहजी जाईना. वाट इतकी चिंचोळी झाली होती. शेवटी डॉक्टरबाईंनी आधी एक बारीक तार घातली आणि तारेवरून नळी सरकवली. मी पडद्याबाहेर उभी होते. आतून सिस्टरचा आवाज आला, "मॅडम, ही पिशवी भरली. दुसरी लावते."

मग जे सुरू झालं ते थांबेचना! कॉटच्या दांडीला टांगलेली पिशवी भरायची, सिस्टर रिकामी करायच्या, ती परत भरायची. तुंबलेल्या किडन्या मोकळ्या झाल्या की काही काळ अशाच सुटतात म्हणे, म्हणून जेवढं जात होतं त्याच्या हिशोबाने शिरेतून सलाईन चढवत होते. हे डोळे किलकिले करून त्या पिशवीकडे बघत म्हणाले, "हे सगळं माझ्यात होतं?"

"हो," मी म्हटलं. "आणि मी वरून तांबे ओतत होते."

रोज सकाळी रक्त जायचं आणि दुपारी आकडा यायचा. आकडा थोडा उतरला. मग आणखी उतरला. भाऊजी दारातूनच विचारायचे, "आज कुठवर पोचली गाडी?" मी सांगायचे. घाट उतरल्यासारखा तो आकडा एकेक वळण घेत खाली येत होता. पायांची सूज ओसरली आणि घोट्याची हाडं परत दिसायला लागली. एका सकाळी मी इस्पितळाचा चहा ह्यांना दिला, तर एक घोट घेऊन तोंड वाकडं करत म्हणाले, "काय हा पांचट चहा! माणसं आजारी पडतील हा पिऊन." मी पदर तोंडाला लावला आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. किती दिवसांनी ह्या माणसाने कशाला तरी नावं ठेवली होती. डॉक्टरबाईंनी नंतर सांगितलं की किडन्या वाचल्यात, डायलिसिस लागणार नाही, पण मला ते चहाच्या वेळीच कळलं होतं.

राहिला प्रश्न पिशवीच्या तोंडाचा. पुन्हा भूल, पुन्हा दुर्बीण. डॉक्टरबाई बाहेर आल्या तेव्हा टोपीखाली कपाळावर रबराची खूण होती. म्हणाल्या, "मला तरी गाठ दिसली नाही. व्रण आकसून तोंड बारीक झालं होतं, तेवढं कापून मोकळं केलंय. तरी तुकडे तपासायला पाठवलेत."

व्रण आकसतो म्हणजे काय हे मला कोणी समजवायला नको. एकाच जागी दोनदा उसवून दोनदा शिवलं की कापड तिथे चुण्या पडून ओढतंच. पण तुकड्यांचं उत्तर येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. घरी जाऊन एका गिऱ्हाइकाच्या पँटचे दोन्ही पाय एकमेकांना शिवून ठेवले. लेकीला फोनवर म्हटलं, "तू रडू नकोस," आणि मीच रडले.

उत्तर आलं. डॉक्टरबाई राउंडवर नसतानाही मुद्दाम वर आल्या आणि लांबूनच मान हलवली. मला कळेना, ही मान होकाराची की नकाराची. "म्हणजे काय?" मी ओरडले.

"नाही," त्या म्हणाल्या. "कॅन्सर नाही. नुसता व्रण."

मी त्यांना मिठी मारली. एवढ्या शिकलेल्या बाईला, भर वॉर्डात, स्टेथोस्कोपसकट. हे कॉटवरून म्हणाले, "अगं, त्यांना श्वास घेऊ दे."

आता फक्त एक गोष्ट राहिली होती. नळी काढायची आणि ह्यांनी आपलं आपण करून दाखवायचं. झाली, आणि पिशवी नीट रिकामी झाली, तर घरी. नाही झाली तर नळी परत घालायची, आणि तरीही जमलं नाही तर कायमची. कारण पुन्हा तुंबलं तर वाचलेल्या किडन्या पुन्हा दबणार. डॉक्टरबाईंनी हे ह्यांनाही सरळ सांगितलं.

सकाळी नळी काढली. सिस्टरनी ह्यांच्या हातात रेघा मारलेलं एक प्लॅस्टिकचं भांडं दिलं आणि म्हणाल्या, "आजोबा, ह्यात करायची. मला मोजायचीय." हे पाणी प्यायले. पडदा ओढून बसले. आणखी पाणी प्यायले. दुपार झाली, भांडं कोरडं. उभे राहून बघितलं, बसून बघितलं. वॉर्डात सहा कॉट, सगळे ह्याच दुखण्याचे, आणि सगळ्यांचे कान आमच्या पडद्याकडे. सिस्टर येऊन विचारून गेल्या, परत विचारून गेल्या. "संध्याकाळी मॅडम येतील. तोवर नाही झाली तर नळी घालावी लागेल."

ह्यांचा चेहरा पडला. "असं बसून, असं भांडं धरून, माणसं ऐकत असताना कसं व्हायचं?" ते पुटपुटले. "इथे गाडी नाही, चाक नाही."

भाऊजी इतका वेळ स्टुलावर वर्तमानपत्र धरून बसले होते. ते उठले. वर्तमानपत्राची घडी घालून काखेत मारली आणि म्हणाले, "पायलट, चला. टायर बघून या."

वॉर्डाच्या टोकाला बाथरूम होतं. ह्यांना धरून भाऊजींनी आत सोडलं, दार लोटलं आणि स्वतः उंबऱ्यावर उभे राहिले. एक हात चौकटीला, एक पाय पुढे, पार तसेच, जसे गाडीच्या पायरीवर उभे राहायचे. मग त्यांनी त्या ठेवणीतल्या आवाजात, जो मी कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता, अख्ख्या वॉर्डाला सांगितलं, "दोन मिनिटं मंडळी, टायर बघतायत. घाई करू नका. ज्यांना खाली उतरायचंय त्यांनी उतरून घ्या."

पलीकडच्या कॉटवरच्या म्हाताऱ्याने विचारलं, "गाडी पुढे कुठे थांबेल?"

"आता थेट घरीच," भाऊजी म्हणाले.

वॉर्ड हसला. दोन कॉटवरच्या माणसांनी आपापल्या टांगलेल्या पिशव्या सावरत हसून घेतलं. आणि मग सगळे आपल्या आपल्या बोलण्यात गुंतले, अगदी बसमधले उतारू गुंततात तसे. दाराकडे कोणी बघेना. मी मात्र तिथेच भिंतीला पाठ लावून उभी होते. आतून काही आवाज येत नव्हता. नळ ठिबकत होता तेवढाच.

आणि एकदम बाथरूमच्या दारावरचा लाल दिवा लागला आणि घंटी वाजली. आत भिंतीवर एक बटण असतं, पडलं-झडलं तर दाबायचं. ते वाजलं. एकदा.

पलीकडून सिस्टर हातातलं टाकून पळत निघाल्या. एकच घंटी! मला ती दुपार आठवली, रिकामी पिशवी आठवली, भिंतीला टेकलेले हे आठवले.

मग ती पुन्हा वाजली.

"डबल बेल!" भाऊजी दोन्ही हात वर करून ओरडले. "वहिनी, डबल बेल! निघाली गाडी!"

पण माझा आता टायरवरही विश्वास नव्हता आणि घंटीवरही. ह्याच भाषेने आम्हाला पार किडन्यांपर्यंत आणून सोडलं होतं. मी भाऊजींना बाजूला सारलं, दारावर दोन्ही मुठी आपटल्या आणि लग्न झाल्यापासून जो शब्द तोंडातून काढला नव्हता तो अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने विचारला.

"अहो, लघवी झाली का?"

वॉर्ड चिडीचूप झाला. सिस्टर जागच्या जागी थांबल्या. भाऊजींनी लाजून वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं.

"झाली," आतून आवाज आला. "लघवी झाली. भरपूर झाली. धार लागली होती. आता ओरडू नकोस, बाहेर लोक आहेत."

पुढे संध्याकाळी डॉक्टरबाई आल्या, सोनोग्राफीत पिशवी रिकामी दिसली, दुसऱ्या दिवशी आम्ही घरी गेलो, दुर्बिणीच्या तारखा पुढे तशाच चालू राहणार आहेत, हे सगळं नंतरचं. घंटी उगाच वाजवली म्हणून सिस्टरनी ह्यांना रागवून घेतलं, तेही नंतरचं. आधी ते दार उघडलं. हे उभे होते, पायजम्याची नाडी अर्धवट, चेहरा हा एवढा फुललेला, आणि दोन्ही हातांत ते रेघा मारलेलं भांडं, सांडू नये म्हणून जपून धरलेलं. जीव भांड्यात पडला असं आपण येता-जाता म्हणतो. माझा पडलेला मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिला. चांगला वरच्या रेघेपर्यंत होता.